बोलता बोलता : पोटातली गोष्ट

दिवाळी अंकात मढ्याचे नाव काढू नये, एवढे तारतम्य अस्मादिकांना आहे. वर्षभर या पानावर आपण शब्दांच्या आणि म्हणींच्या गप्पा मारतो. दिवाळीला मात्र काहीतरी गोडाधोडाचे, खुसखुशीत असे वाढावे, असा आपला प्रघात. यंदाही मी ‘चकली’ या शब्दावर चार टिपणे काढून ठेवली होती. पण पितृपंधरवड्यात आमचे भाचेसाहेब भिवंडीला येऊन थडकले आणि चकली तशीच सोऱ्यात राहिली.

भाचेसाहेब अंधेरीला एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहेत. अंधेरीहून भिवंडीला यायचे म्हणजे आधी लोकलने ठाणे किंवा कल्याण गाठायचे आणि पुढे एस. टी.त उभे राहायचे, नाहीतर रिक्षात गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. एवढे करून माणूस येतो म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असते, हे मी ओळखून होतो. आमच्या घरात त्या दिवशी घट बसण्याआधीची साफसफाई चालली होती. सौभाग्यवती स्टुलावर उभ्या राहून माळ्यावरचे एकेक डबे खाली देत होत्या आणि मी ते झेलत होतो. भाच्याने पिशवी कोपऱ्यात ठेवली, पाणी प्याला आणि म्हणाला,

“मामा, आमच्या ऑफिसात मढी पुरलेली आहेत.”

माझ्या हातातला डबा खाली पडला. डब्यात जुने खिळे होते. ते घरभर झाले.

“पितृपक्षात असलं काही बोलू नये रे,” माळ्यावरून सौ. ओरडल्या.

“मी नाही म्हणत, मामी. आमचे साहेब म्हणाले.”

मग सगळा उलगडा झाला. त्यांच्या कचेरीत एक वृद्ध रोखपाल आहेत. सेवा संपून दोन वर्षे झाली, तरी त्यांना कोणी घरी पाठवीत नाही. भाच्याने साहेबांना सहज विचारले, यांना अजून का ठेवले आहे? साहेब हसून इंग्रजीत म्हणाले, “ही नोज व्हेअर द बॉडीज आर बरीड.” म्हणजे शब्दशः, मढी कुठे पुरली आहेत ते त्यांना ठाऊक आहे. भाच्याचे इंग्रजी चांगले आहे. पण चांगले इंग्रजी येणे आणि इंग्रजांची बोली कळणे यांत ठाणे आणि अंधेरी यांच्याइतकेच अंतर आहे. तो साहेबांबरोबर हसला, आणि अर्थ विचारायला मामाकडे आला.

वाचकहो, या वाक्प्रचारात मढे नसते. खून नसतो, कुदळ-फावडे नसते. एखाद्या कचेरीत, पक्षात, संस्थेत किंवा घराण्यात जे काही गैर झाले, लपवले गेले, दडपले गेले, ते सगळे ज्याला आतून ठाऊक आहे, त्याच्याविषयी इंग्रजी बोलणारे लोक असे म्हणतात. बहुतेक वेळा तो माणूस तिथे फार वर्षे काढलेला असतो. आणि खरी मेख पुढेच आहे. त्याला ठाऊक आहे एवढ्यावर हा वाक्प्रचार थांबत नाही. त्याला ठाऊक आहे, म्हणून त्याला कोणी हात लावू शकत नाही, असा त्याचा उत्तरार्ध असतो. तो उत्तरार्ध कोणी बोलून दाखवीत नाही, पण ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो. अलीकडे तो थट्टेनेही वापरतात. चाळीस वर्षे नोकरी केलेल्या, सगळे जुने कागद कुठे आहेत हे जाणणाऱ्या साध्या कारकुनालाही तो लावतात. पण थट्टेच्या तळाशीही ही धमकी असतेच.

याच्या शेजारी इंग्रजीत आणखी एक वाक्प्रचार आहे, कपाटातल्या सांगाड्याचा. थॅकरेसारख्या कादंबरीकारांनी एकोणिसाव्या शतकात तो रूढ केला. लोक या दोहोंची गल्लत करतात. कपाटात सांगाडा असतो तो ज्याचे गुपित आहे त्याच्या घरी. मढी पुरल्याची जागा ठाऊक असते ती दुसऱ्याला. पहिल्यात लाज आहे, दुसऱ्यात सत्ता आहे.

हा वाक्प्रचार अमेरिकन वळणाचा. ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ हा १९४१ सालचा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात एक वृत्तपत्रसम्राट मरतो आणि मरताना एक शब्द उच्चारतो. त्या शब्दाचा अर्थ शोधायला एक बातमीदार दारोदार फिरतो. सम्राटाला सोडून गेलेली दुसरी बायको त्याला सांगते, की त्याच्या वाड्यावरच्या कारभाऱ्याला जाऊन भेट, मढी कुठे पुरली आहेत ते त्याला ठाऊक आहे. बातमीदार जातो. कारभारी पहिला प्रश्न काय विचारतो? या माहितीचे किती देणार? एक हजार डॉलर? आणि गंमत अशी, की त्या शब्दाचा खरा अर्थ त्या कारभाऱ्यालाही ठाऊक नसतो. सगळी अंडीपिल्ली ठाऊक असल्याचा दिमाख मिरवणारे पुष्कळदा असेच निघतात. पण किंमत सांगायला ते विसरत नाहीत.

आता माझ्या लेखणीतून ‘अंडीपिल्ली’ हा शब्द सहज उतरला, तो काही उगाच नव्हे. इंग्रजांच्या मढ्यांना आपल्या मराठीचे हेच उत्तर आहे. ‘त्याची सगळी अंडीपिल्ली मला ठाऊक आहेत,’ असे आपण म्हणतो. घरटे बाहेरून कोणालाही दिसते. आत अंडी किती, पिल्ले किती, हे फांदीवर चढलेल्यालाच कळते. ‘पाणी कुठे मुरते ते मला ठाऊक आहे,’ असेही आपण म्हणतो. राजकारणातली मंडळी ‘त्याची कुंडली माझ्या खिशात आहे’ असे म्हणू लागली आहेत. ‘चोराच्या वाटा चोराला ठाऊक’ ही म्हण तर फारच मर्मभेदक आहे. वाटा ठाऊक असणारा स्वतः कोण, हे ती एका फटक्यात सांगून टाकते. साहेबांच्या वाक्प्रचाराला ते धाडस झालेले नाही.

आणखी एक फरक पाहा. इंग्रज आपले गुपित जमिनीत पुरतो. मराठी माणूस ते पोटात ठेवतो. ‘ही गोष्ट पोटात ठेव बरं का,’ असे आपण सांगतो. जमिनीत पुरलेल्या गोष्टीचे पुरणाऱ्याला ओझे नसते, तो हात झटकून मोकळा होतो. पोटात ठेवलेली गोष्ट मात्र बरोबर वागवावी लागते. ती कधी ओठांवर येते, कधी पचते, आणि कधी आयुष्यभर पचत नाही.

भाच्याला हे सगळे सांगत होतो, तेवढ्यात मला महाभारत आठवले. कर्ण हा कुंतीचा थोरला मुलगा, ही गोष्ट कुंतीने पोटात ठेवली. युद्ध संपल्यावर, कर्ण मेल्यावर तिने ती सांगितली. तेव्हा धर्मराज संतापला आणि त्याने शाप दिला, की यापुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही.

“शाप बाकी खरा ठरला हो,” मी माळ्याकडे पाहून म्हणालो.

माळ्यावरून उत्तर आले नाही. एक जुनी पत्र्याची ट्रंक तेवढी खाली आली. ती मी निमूटपणे घेतली आणि भिंतीला लावून ठेवली.

पण त्याच कथेत आणखी एक माणूस आहे, हे आपण विसरतो. युद्धाआधी श्रीकृष्ण कर्णाला एकटा गाठतो आणि त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो. पांडवांकडे ये, थोरला म्हणून राज्य तुझेच, असे म्हणतो. म्हणजे ठाऊक असलेल्या गोष्टीचा त्याने उपयोग केला. कर्ण काय म्हणाला? ही गोष्ट धर्माला सांगू नकोस. त्याला कळले तर तो राज्य माझ्या पायाशी ठेवील, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. स्वतःचे सर्वांत मोठे भांडवल असलेली गोष्ट स्वतःच झाकून ठेवणारा असा माणूस मला दुसरा ठाऊक नाही.

आपल्या इतिहासात आणखी एक प्रसंग आहे, आणि तिथे मढे खरोखरीचे होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला मारले. ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले याची कथा घरोघर सांगतात, आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार त्यातून भाषेला मिळाला. रामशास्त्री प्रभुणे न्यायाधीश होते. त्यांनी चौकशी केली आणि धागा राघोबादादांपर्यंत पोहोचला. मढे कोणी पुरले ते आता शास्त्रीबुवांना ठाऊक झाले. राघोबादादा पेशवे होऊन बसले होते. शास्त्रीबुवांनी ती गोष्ट पोटात ठेवली असती, तर आयुष्यभर त्यांना कोणी धक्का लावला नसता. त्यांनी ती दादांच्या तोंडावर सांगितली, देहान्त प्रायश्चित्त हीच याला शिक्षा म्हणून सांगितले, आणि पुणे सोडून ते निघून गेले.

म्हणजे ठाऊक असणाऱ्या माणसांच्या जाती झाल्या तीन. एक विकणारा, त्या चित्रपटातल्या कारभाऱ्यासारखा. एक बोलणारा, रामशास्त्र्यांसारखा. आणि एक गप्प राहणारा. या तिसऱ्या जातीचे लोक जगात सर्वांत जास्त. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच.

माझे हे व्याख्यान भाच्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “मामा, साहेबांनी मला त्या रोखपालांच्या हाताखाली बसायला सांगितलंय. सगळं शिकून घे म्हणाले. मी पण सगळं शिकून घेतो. एकदा का सगळं कळलं, की मग मला कोण काढतंय?”

तो हसत हसत बोलला. पण माझ्या अंगावर काटा आला. कारण हेच वाक्य मी एकदा मनातल्या मनात म्हटले होते. म्हणून आज जे चाळीस वर्षे पोटात ठेवले, ते मी त्याला सांगितले, आणि आता तुम्हांलाही सांगतो.

मी तरुणपणी आमच्या भिवंडीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात मेहता होतो. मेहता म्हणजे लिहिणारा कारकून. किती तागे निघाले, कोणाच्या मागावर किती कापड झाले, सुताची कोण घेऊन गेले, आठवड्याचा पगार कोणाला किती, हे सगळे लिहायचे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्यांचे भोंगे बंद पडले आणि आमच्या भिवंडीला झोप उरली नाही. निजामपुऱ्यापासून कामतघरापर्यंत रात्रंदिवस खटाखट, खटाखट. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की रात्री वीज गेली आणि माग थांबले की माणसे दचकून जागी व्हायची.

आमच्या छपराखाली माग होते पुष्कळ. पण कागदावर तिथे चार वेगवेगळे कारखाने होते. एक मालकांच्या नावावर, एक त्यांच्या पत्नीच्या, दोन भावांच्या. मधे भिंतसुद्धा नव्हती. याचे कारण असे, की १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे त्या काळी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसे कामाला झाली, की कायद्याने तो कारखाना ठरायचा. मग नोंदणी आली, तपासनीस आला, कामाच्या तासांचा आणि रजेचा हिशेब आला. म्हणून प्रत्येक वहीत नावे नऊच्या आत. ही झाली पक्की वही. आणि दुसरी असायची कच्ची, लाल पुठ्ठ्याची. खरी माणसे, खरे तागे आणि खरा पगार कच्च्या वहीत. दोन्ही वह्यांतले अक्षर माझेच होते. आमच्या मालकांनी काही नवे शोधून काढले नव्हते, हे मी नमूद करतो. पण पाणी कुठे मुरते ते आमच्या छपराखाली दोघांनाच ठाऊक होते. मालकांना आणि मला.

१९८३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे उत्तर प्रदेशातला एक विणकर होता. त्याला सगळे ‘बारा नंबरवाला’ म्हणत. कारण तो बारा नंबरच्या मागावर उभा असे. त्याचे खरे नाव मी इथे लिहीत नाही. साध्या मागावर धोटा ताण्याच्या सुतांमधून या टोकाहून त्या टोकाला धावतो. लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी टोक. मागाचा ताल जरा चुकला, की धोटा वाट सोडतो आणि बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर उडतो. त्या रात्री शेजारच्या मागाचा धोटा उडाला आणि बारा नंबरवाल्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला.

मालकांनी दवाखान्याचे पैसे दिले, हेही सांगितले पाहिजे. पण डोळा गेलेला माणूस पुन्हा मागावर उभा कसा राहणार? त्याला कोणीतरी सांगितले, की कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा आहे, अर्ज कर. दोन वर्षांच्या आत दावा करायचा असे. त्याने अर्ज केला. चौकशीला माणूस आला. मालक म्हणाले, “हा आमचा माणूस नाही. कोणाला तरी भेटायला आला असेल.” चौकशीवाल्याने पक्की वही मागितली. मी काढून दिली. त्याने नावे वाचली आणि मला विचारले, “या नावाचा माणूस इथं कामाला होता का?”

मी म्हणालो, “वहीत नाही, साहेब.”

वाचकहो, यात खोटे काय होते? वहीत खरेच नव्हते. बायकांना शाप देणाऱ्या धर्मराजाने रणांगणावर जे ‘नरो वा कुंजरो वा’ केले, तेच मी टेबलाशी बसून केले. बारा नंबरवाला दारात उभा होता. डोळ्यावर पांढरी पट्टी होती. तो काही बोलला नाही. लाल वही माझ्या खणात, माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर होती.

महिन्याभराने दिवाळी आली. मालकांनी बोनसचे पाकीट दिले आणि म्हणाले, “मेहताजी, पुढच्या महिन्यापासून तुम्हांला पंचवीस रुपये जास्त.” कशाबद्दल ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्याच रात्री मी मनात म्हटले, की आता मला कोण काढतंय? इंग्रजांचा तो वाक्प्रचार मला तेव्हा ठाऊक नव्हता. पण त्याचा अर्थ मला त्या पंचवीस रुपयांनी शिकवला.

लाल वही वर्ष संपल्यावर जाळून टाकायची असे. त्या वर्षीची मी जाळली नाही. पिशवीत घालून घरी आणली आणि ट्रंकेत तळाशी ठेवली. का आणली? कधीतरी धाडस होईल तेव्हा दाखवू, म्हणून? की मालक उलटले तर आपल्या हाती काहीतरी असावे, म्हणून? खरे सांगतो, मला तेव्हाही नीट ठाऊक नव्हते. दोन वर्षे सरली. दाव्याची मुदत गेली. बारा नंबरवाला गावी निघून गेला होता.

पुढे १९९६ साली तो मला वंजारपट्टी नाक्यावर भेटला. मीच त्याला ओळखले नाही; त्याने एका डोळ्याने मला ओळखले. बरोबर मुलगा होता, मिसरूड फुटलेला. मी त्याला चहाला नेले. बोलता बोलता मला राहवले नाही. मी म्हणालो, माझ्याकडे ती वही आहे. उशीर झाला, पण अजूनही कुठे सांगायचं असेल तर मी येतो. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “अब गडे मुर्दे क्या उखाडना, मेहताजी.”

पाहा, भाषा कशा गाठ घालून देतात. पुरलेली मढी उकरण्याचा वाक्प्रचार हिंदी-उर्दूतही आहे, जुनी भांडणे वर काढू नयेत या अर्थाने. साहेबाच्या भाषेत पुरलेल्या मढ्यावर दुसऱ्याची सत्ता चालते. आमच्या भिवंडीच्या रस्त्यावर, ज्याचे मढे होते त्यानेच ते झाकून टाकले.

उठताना तो म्हणाला, “एवढं करा. पोराचं नाव पक्क्या वहीत लिहा.”

मी दुसऱ्या दिवशी मालकांसमोर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचाच त्या ठाऊक असण्याचा उपयोग केला. धमकी दिली नाही. एवढेच म्हणालो, “त्र्याऐंशी सालची लाल वही माझ्या घरी आहे.” मालकांनी माझ्याकडे पाहिले. पंख्याखाली बसून त्यांना घाम फुटलेला मी पाहिला. त्यांच्या भावाच्या नावच्या वहीत आठ नावे होती; त्या दिवशी नऊ झाली.

म्हणजे मी ती गोष्ट एकदा पंचवीस रुपयांना विकली आणि एकदा एका नावाला. दुसऱ्या सौद्याने पहिला फिटला, असे कोणी म्हणू नये. एका डोळ्याची भरपाई दुसऱ्या माणसाच्या नावाने होत नाही. आणि वाईट कामासाठी राखून ठेवलेली वही चांगल्या कामाला लागली, म्हणून ती राखणाऱ्याला पुण्यवान ठरवण्याचेही कारण नाही. चौकशीच्या दिवशी खण उघडायला मला वीतभर हात पुढे करायचा होता. तो मी केला नाही, एवढेच खरे.

माझे बोलणे संपले तेव्हा खोलीत कोणी बोलेना. भाचा जमिनीवरचे खिळे वेचीत होता. तेवढ्यात सौ. स्टुलावरून उतरल्या, त्यांनी ट्रंक उघडली, तळाशी हात घातला आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली लाल वही काढून माझ्यासमोर ठेवली.

मी थक्क झालो. “तुला ठाऊक होतं?”

“दरवर्षी घट बसायच्या आधी मीच झटकते ती. वाचता येतं मला. बारा नंबरपुढचं नावही पाठ आहे.”

“मग चाळीस वर्षांत कधी बोलली नाहीस?”

“तुम्ही बोलायची वाट बघत होते,” त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

धर्मराजाच्या शापाचे माझ्या घरी हे असे झाले. मढे कुठे पुरले आहे ते मला ठाऊक होते, असे मी समजत होतो. आणि मी ते कुठे पुरले आहे, हे दुसऱ्याच कोणाला तरी ठाऊक होते. फरक एवढाच, की तिने त्याची किंमत कधी मागितली नाही. इंग्रजीत अशा माणसासाठी काय म्हणतात, ते मला सापडले नाही. उर्दूत ‘हमराज’ म्हणतात. मराठीत आपण ‘घरचे माणूस’ म्हणतो आणि त्यात सगळे आले असे समजतो.

चहा पिताना भाचा म्हणाला, “मामा, मी त्या रोखपालांकडे शिकतो. पण जे जे शिकेन ते लिहून काढीन, आणि एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवीन. जे त्यांना वाचायला नको वाटेल, ते मी शिकायचंच नाही.” पोरगा माझ्यापेक्षा शहाणा आहे. चार लोकांच्या डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीची अंडीपिल्ली होत नाहीत. २००५ साली आपल्या देशात माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, त्याच्या मुळाशी हाच साधा विचार आहे. सरकारी कागद साऱ्यांना पाहता आला, की एकट्याच्या ठाऊक असण्याला भाव राहत नाही. खासगी छपराखालच्या लाल वहीला तो कायदा पोहोचत नाही. तिथे अजून मेहत्याचा हातच पुढे व्हावा लागतो.

ते छप्पर आता मागांचे राहिलेले नाही. माग भंगारात गेले, मालकही वारले, आणि तिथे आता गोदाम आहे. भिवंडीत अशी गोदामे आता मैलोगणती दिसतात. बारा नंबरवाला गावीच वारला. त्याचा मुलगा इथेच आहे, टेम्पो चालवतो, लेकराबाळांचा बाप आहे. त्याच्या वडिलांनी त्याला काय सांगितले आणि काय पोटात ठेवले, मला कल्पना नाही.

सौ.नी ठरवून टाकले आहे, की यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन आम्ही दोघांनी त्याच्या घरी जायचे आणि डब्याबरोबर ती वही त्याला द्यायची. “त्याच्या बापाचं नाव आहे तीत. ती आपल्या ट्रंकेत कशाला?” असे त्यांचे म्हणणे. तो काय म्हणेल? वही घेईल, की ‘गडे मुर्दे’ म्हणून परत करील? दारातूनच घालवून देईल? त्याने काहीही केले तरी तो त्याचा हक्क आहे. माझे काम आता फक्त वीतभर हात पुढे करण्याचे. चाळीस वर्षांनी का होईना.

असो. दिवाळीच्या पानावर हा विषय वाढला, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. नरकचतुर्दशीला पहाटे उठून आपण अंगाची घाण धुतो. तशी कधी पोटातलीही धुवावी, एवढेच म्हणायचे. तुमच्या माळ्यावर एखादी ट्रंक असेल, तर यंदा ती उघडून पाहा. आणि घरातल्या माणसांपासून आपण काही लपवले आहे, या भ्रमात राहू नका.

सर्व वाचकांना दिवाळी सुखाची जावो. चकलीविषयी पुढच्या आठवड्यात.